नुसत्या चांदणीची प्रस्तावना

पुस्तकाची प्रस्तावना काढून टाकायची, एवढंच मी त्या दुपारी ठरवलं होतं. चार पानांत ‘मी’ एकोणसाठ वेळा आला होता. (छापील प्रतीवर मोजले. दोनदा मोजले, पहिल्यांदा अठ्ठावन्न भरले होते.)

गांडुळांवरचं माझं एकवीस प्रकरणांचं पुस्तक दुसऱ्या दिवशी प्रकाशकांकडे जायचं होतं. सात वर्षांचं काम. प्रस्तावनेला शीर्षक सुचेना, म्हणून त्या फाइलला नाव म्हणून मी नुसती चांदणी (*) दिली होती. उत्तम उत्तरपत्रिकेवर जन्मभर मी तीच काढत आलो.

मुलीने कॉम्प्युटरवर लिनक्स घालून दिलंय. त्यात काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून कामं होतात, आणि मला त्या येतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी येतात, याचा मला अभिमान आहे. बायको अजून माउसच वापरते. तिला मुद्दाम शेजारी बसवून मी पुसण्याची आज्ञा टाइप केली, पुढे चांदणी ठोकली आणि एंटर दाबलं.

पडद्याने चकार शब्द काढला नाही.

“बघ,” मी म्हणालो, “उलट न बोलता माझं ऐकणारं या घरात कुणीतरी आहे.”

“अहो, पण फोल्डर रिकामं दिसतंय.”

मुलीला फोन लावला, तो घाईत दोनदा दंतवैद्याला लागला. तिने शांतपणे सांगितलं, त्या पडद्याच्या लेखी चांदणी म्हणजे ‘इथलं सगळं’. ते फाइलचं नाव आहे हे पडद्याला कळायला चांदणीला अवतरणचिन्हांत ठेवायचं असतं. आणि पुसण्याआधी यादी बघायची असते.

“परत येईल ना गं?”

“तिथून नाही येणार, बाबा. आईला द्या फोन.”

मी खुर्चीत बसूनच राहिलो. बायको मात्र फोन कानाला लावूनच उठली आणि शिवणाच्या डब्यातून पेनड्राइव्ह घेऊन आली. दर रविवारी मी दुपारी आडवा झालो की ती पुस्तकाची प्रत काढून ठेवायची म्हणे. एकवीसच्या एकवीस प्रकरणं परत आली. (रविवारनंतर मी फक्त एक स्वल्पविराम काढून पुन्हा घातला होता.) मला भरून आलं. अशी बायको मिळवणारा माणूस अगदीच बावळट नसावा, असंही वाटून गेलं.

मग चष्मा पुसून यादी पाहिली. चांदणी कुठेच नव्हती.

“प्रस्तावना कुठंय?”

“ती मी रविवारीच कॉम्प्युटरवरून काढून टाकली,” ती म्हणाली. “माउसने. तुमच्या कधी लक्षात येतं ते बघत होते.”