डाव्या गुडघ्याला क, उजव्याला ख

आनंदनगरच्या कारखान्यात मी रंगांची तपासणी करतो. त्यामुळे कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय माझ्या गळी उतरत नाही (लग्न सोडून, तिथे घाई झाली). सासूबाई, म्हणजे रखमाबाई, बारवी धरणाकडच्या पाड्यावरून दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी आमच्या बदलापूरच्या घरी आल्या. येताना कुणीतरी त्यांना उल्हासनगरहून, कॅम्प दोन भागातल्या दुकानातलं, जडीबुटीचं तेल आणून दिलेलं. "यानंच बरं झालं तं कापाकापी कशाला?" त्या म्हणाल्या.

मी जाहीर केलं, "आधी टेस्टिंग!"

पद्धत चोख होती. बायकोने, रंजनाने, एका बाटलीत ते तेल भरलं, दुसरीत घरचं गोडेतेल, रंग जुळावा म्हणून त्यात हळद. वर चिठ्ठ्या, क आणि ख. कशात काय, हे फक्त तिला ठाऊक. चोळणारा हात एकच हवा, आणि तोही अजाण माणसाचा. असा माणूस घरात मी एकटाच (यावर बायकोचं लगेच एकमत झालं).

"जावयबापू, तुमी पायाला हात लावलाव तं मना पाप लागंल!" सासूबाईंनी पदर तोंडावर ओढला.

"आई, हे सायन्स आहे."

रोज संध्याकाळी मी विचारायचो, "डावा कसा आहे?"

"ब्येस."

"उजवा?"

"त्यो बी ब्येस."

माझ्या तळहाताला खाज सुटली, पण सासूबाईंची तक्रार नाही. दोन्ही तेलं गुणकारी! ऑपरेशन रद्द करायला मी फोन हातात घेतला, तोच स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. रंजनाने त्यांना एकटं गाठून विचारलं होतं.

"दुखतान गो दोन्ही. राती डोला लागत नाय. पन जावय खाली बसून पाय चोलतंय, त्याला दुखतंय कसा सांगू?"

मी फोन ठेवला. फार लाज वाटली. कारखान्यात रंगाचे पोपडे निघाले की ते दिसतातच. रंगाला माझा मान राखायचा नसतो. इथे ही बाई माझ्या मानापायी कण्हणं गिळत होती, आणि मी त्याला गुण आला म्हणत होतो. औषध तपासायचं तर दुखणाऱ्याला 'दुखतंय' म्हणायची मोकळीक हवी, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. (शिवाय दोन्ही तेलांत बुडणारा हात एकच, त्यामुळे खाज कोणत्या तेलाची तेही कळेना.)

तेल बंद झालं. ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं आणि नीट झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, दुखतंय का?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला.

"आधी यांना भायेर धाडा, मंग सांगते."