देवीचा गोटा आणि सहा तासांचं खोकं

मल्हाररावांनी व्याह्यांना फोनवर छाती ठोकून सांगितलं, "गोपाळराव, ईशानी साडी देवासचीच नेसेल. खोकं दुपारी इथून निघेल, सहा तासांत बेंगळूरला तुमच्या दारात!"

कारणच तसं होतं. मुलीचं डोहाळजेवण शनिवारी संध्याकाळी, आणि गोपाळराव म्हणाले होते, "तुमच्या तिकडून वेळेवर काय येणार? साडी इथंच घेऊन टाकू." माहेरची हिरवी साडी सासऱ्यानं विकत घ्यायची? मल्हाररावांच्या अंगाचा तिळपापड झाला. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून या माणसानं जवळच्या विमानतळावर चांगलं मालघर व्हावं म्हणून सरकारला एकशे चौदा पत्रं लिहिली होती. आणि ते झालंही होतं. सरकता पट्टा, संगणक, खोक्याच्या पोटातलं दाखवणारं यंत्र. हे सगळं आपल्याच पत्रांमुळं झालं, असं ते पार धार शहरापर्यंत सांगून आले होते.

गुरुवारी ते स्वतः खोकं घेऊन तिथं हजर. कागदावर लिहिलं, साडी एक, चिरोटे पन्नास. खोकं पट्ट्यावरून आत गेलं आणि यंत्र बोंबललं.

"अंकल, अंदर गोल-गोल क्या है?" खिडकीवरच्या अंशुलनं विचारलं.

"काही नाही. तुमचं यंत्र चुकतंय, भिया. उघडा."

उघडलं. चिरोट्यांखाली, खणात गुंडाळलेला, सुक्या खोबऱ्याचा अख्खा गोटा.

"सूखा गोला नहीं जाएगा, अंकल. तेल रहता है, आग पकड़ लेता है."

मल्हाररावांनी बायकोला फोन लावला. सावित्रीबाई शांतपणे म्हणाल्या, "मीच ठेवलाय. टेकरीवरच्या देवीपुढचा गोटा आहे. आपल्याकडं लेकीच्या ओटीत पहिला तोच पडतो."

"अगं, पण पेट घेतो म्हणे तो."

"पाच पिढ्यांत कुणाची ओटी पेटलेली ऐकली नाही मी. त्याला सांगा, गोटा जाणार."

अंशुलनं नियम दाखवला. मल्हाररावांनी तो दोनदा वाचला. मग ताठ होऊन म्हणाले, "ठीक. मीच विमानात बसतो, गोटा हातात धरतो."

"आपके साथ भी मना है, अंकल."

शेवटी खोकं विमानानं गेलं आणि जन्मात पुन्हा रेल्वेत बसणार नाही म्हणणारे मल्हारराव, मांडीवर गोटा घेऊन, रेल्वेनं. तरी हार कसली? शेजारच्या प्रवाशाला ते पट्टा, संगणक, यंत्र सगळं रंगवून सांगत होते.

शनिवारी दुपारी गोपाळरावांचा फोन आला. "मल्हारराव, मानलं तुम्हाला. खोकं खरंच सहा तासांत आलं."

"मग? काय म्हणत होतो मी?"

"पण परवापासून तसंच बंद पडलंय. ईशानी हात लावू देत नाही. विहीणबाईंनी बजावलंय म्हणे, आधी गोटा, मग खोकं. बायका जमायला लागल्यात. तुम्ही कुठं आहात?"

मल्हाररावांनी खिडकीबाहेर पाहिलं. गाडी दीड तास एकाच बाभळीसमोर उभी होती.

"सामानाची सोय झाली, गोपाळराव," ते ताठ मानेनं म्हणाले. "माणसांसाठी आता पहिलं पत्र लिहायला घेतलंय."