सातव्या वाटीची आमटी

ज्या दिवशी लॉस कळला, त्या दिवशी अनंतराव कर्वेनगरातल्या कानाच्या दवाखान्यात हेडफोन लावून काचेच्या खोलीत बसले होते. आवाज आला की बटण दाबायचं होतं. त्यांच्या कानात आठ महिने कुकरची शिट्टी अखंड चालू होती, म्हणून त्यांनी बटण दाबूनच धरलं!

तपासणाऱ्या मुलीने दार उघडलं.

“काका, लॉस आहे.”

“हो. फेब्रुवारीत.”

“कशाने झाला?”

“हार्ट अटॅकने गेली ती.”

“काका, मी कानाचं विचारतेय.”

“मग तसं म्हणा.”

मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं की चौतीस वर्षं कारखान्यात प्रेसवर काढलीत, शिट्टी तेव्हापासूनचीच असणार.

“घरात पूर्वी बोलणं जास्त असायचं का?”

“असायचं. माझं नव्हे.”

“तेच. शांततेत ही जास्त जाणवते. यावर गोळी नाही. रेडिओ लावत जा.”

एवढं शिकून रेडिओ लावा सांगतात! अनंतराव तणतणत घरी आले. जिन्यात वरच्या मजल्यावरचे आप्पासाहेब भेटले, निवृत्त हेडमास्तर.

“पंधरा दिवसांत शिट्टी बंद करून दाखवतो!” अनंतराव म्हणाले. “नाही झाली तर आमच्याकडे आमटी-भात.”

“मी रविवार मोकळा ठेवतो,” आप्पासाहेब म्हणाले.

हेमाने, म्हणजे मुलीने, हिंजवडीहून सहा बाटल्या पाठवल्या.

“बाबा, ही औषधं नाहीत. सप्लिमेंट्स आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे गुण आला तर आला.”

झिंक, मॅग्नेशियम, बी-कॉम्प्लेक्स, जिन्को नावाच्या कुठल्याशा झाडाचा पाला, आणि आणखी दोन, ज्यांची नावं एका दमात वाचून होत नव्हती. गोळ्या अंगठ्याएवढ्या! घशाखाली उतरेनात. अनंतरावांनी सगळ्या खलबत्त्यात कुटल्या. सहा प्रकारची पूड झाली. ठेवायची कशात?

कपाटात त्यांच्या बायकोचा, पद्मजाबाईंचा, मिसळणाचा डबा होता. सात वाट्यांचा. स्वयंपाकाच्या सरुबाई आपल्या बरण्या वापरायच्या, त्यामुळे तो आठ महिने कुणी उघडला नव्हता. कडेच्या सहा वाट्यांतली हळद, तिखट, जिरं सगळं शिळं झालेलं. ते अनंतरावांनी टाकून दिलं. मधल्या वाटीत पद्मजाबाईंनी जानेवारीत केलेला गोडा मसाला होता. ती वाटी तशीच राहू दिली.

रोज सकाळी डबा उघडायचा, सहा वाट्यांतली चिमूट-चिमूट पाण्यातून घ्यायची, आणि सातव्या वाटीचा नुसता वास घ्यायचा. गुण आला असता तर कशाचा आला हे कळायला मार्ग नव्हता. पण आलाच नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

ठरल्या रविवारी आप्पासाहेब जेवायला आले. त्यांनी दोन वाट्या आमटी संपवली आणि म्हणाले, “अनंतराव, अहो, ही वहिनींची आमटी!”

अनंतरावांनी भुरका मारला. खरंच! जराशी कडू, मागून लोखंड चाटल्यासारखी, पण तीच.

“सरुबाई, आज काय घातलंत?”

“डबा ऱ्हायला हुता की ओट्याव! मला बरण्या हुडकाया लावता आन मसाला कपाटात ठेवता व्हय? पिवळी पूड घातली हळद म्हून, पांढरी घातली मीठ म्हून. चव लागंना, मग आजून घातली. शेवटाला मधल्या वाटीतलं घातलं, तवा कुठं चव आली.”

“मधल्या वाटीतलं? किती?”

“दोन चमचं.”

बाकीच्या सहा वाट्यांची चौकशी आप्पासाहेबांनी केली.

“पिवळी पूड कसली?”

“बी-कॉम्प्लेक्स.”

“आणि पांढरी?”

“मॅग्नेशियम. पोट साफ होतं म्हणे.”

“अहो, पण माझा कान वाजत नाही!”

“आता वाजणारही नाही.”

मग जे पेटलं! आप्पासाहेब म्हणाले, हा विषप्रयोग आहे. सरुबाई म्हणाल्या, “दोन वाट्या वरपल्या तवा न्हाई इचारलं!” आप्पासाहेबांनी शिस्त काढली, सरुबाईंनी आप्पासाहेबांच्या बायकोच्या हातचं जास्तीचं मीठ काढलं. खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. आणि या सगळ्या गदारोळात अनंतरावांच्या लक्षात आलं की शिट्टी ऐकू येत नाहीये.

त्यांनी पुन्हा भात वाढून घेतला आणि त्यावर आमटी ओतली.

“अनंतराव! माहीत असून खाताय?”

“हो.”

संध्याकाळपर्यंत गच्चीवरची टाकी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी जिन्यात आप्पासाहेबांची पाटी लागली: ‘जेवायला जाण्यापूर्वी पदार्थांतील औषधांची चौकशी करावी. यजमान आपणहून सांगत नाहीत.’

आता अनंतरावांनी रेडिओ लावला आहे. बरा आहे, पण भांडत नाही. शिट्टी चालू आहे. कडेच्या सहा वाट्या सरुबाईंनी घासून त्यांत हळद-मोहरी भरली. मधल्या वाटीच्या तळाला अजून चमचाभर मसाला आहे. ती वाटी घासायची राहिली आहे.