सदरहू वाहनातील आवाजाबाबत

माझे शेजारी शेषेराव सोनकांबळे स्वतःच्या गाडीबद्दल कुरकुर करत नाहीत, अर्ज करतात. डावीकडे समास सोडून, वर ‘विषय’ लिहून, शेवटी ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर’. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा ते महसूल खात्यात कारकून म्हणून लागले. उस्मानाबादहून आलेल्या फायली गावाप्रमाणे वेगळ्या करणं हे त्यांचं पहिलं काम. नायब तहसीलदार होऊन निवृत्त झाले, म्हणून आमची सगळी कॉलनी त्यांना नायबसाहेब म्हणते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक पांढरी, डिक्कीवाली, लांबलचक गाडी घेतली. बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, घेऊन बुद्धगयेला जायचं ठरलं होतं. पण नेमका त्याच वर्षी दुष्काळ पडला, नळाला पाणी कधी येईल याचा नेम राहिला नाही, आणि तिकडे पुण्यात मुलीचं बाळंतपण निघालं. बाई तिकडे गेल्या त्या बाळात गुंतल्या. नायबसाहेब मागे राहिले. टँकर आला तर पाणी कोण भरणार, असं ते म्हणायचे.

गाडीच्या पहिल्या अर्जात सात मुद्दे होते. क्लच जड आहे. गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं. पेट्रोलचा काटा औशाला जाऊन आलं तरी हलत नाही आणि मग एकदम खाली पडतो. एसीची हवा मागच्या सीटपर्यंत पोचत नाही. मागे कुणी बसतच नव्हतं, हा भाग वेगळा. लातूरच्या वर्कशॉपवाल्यांनी एकेक मुद्दा निकाली काढला. राहिला तो शेवटचा: ‘सदरहू वाहनात डाव्या बाजूने किर्र असा बारीक आवाज येतो.’

दाराचं रबर बदललं, डॅशबोर्ड उघडून पुन्हा बसवला. मिस्त्री म्हणत, साहेब, आम्हाला तर काही ऐकू येत नाही. तेव्हा नायबसाहेबांनी मला बोलावलं. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन आहे असा त्यांचा समज होता. औसा रोडला नेऊन त्यांनी काचा वर केल्या, एसी बंद केला.

“ऐकून राहिले ना, सर?”

मला टायर ऐकू येत होते, मागच्या ट्रकचा भोंगा ऐकू येत होता. त्यात किर्र होतं की नव्हतं, सांगता येईना. एकदा वाटलं, आहे. वळणावर वाटलं, छे. पण वडीलधारा माणूस इतक्या आशेनं तोंडाकडे बघत होता की मी “हाव” म्हणून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी अर्जाची प्रत घरपोच आली. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव.

पुढचे दोन महिने माझी फार पंचाईत झाली. संध्याकाळी ते चहाला यायचे आणि आज आवाज जरा जास्त होता ना, असं विचारायचे. मी मान अशी हलवायचो की तिचा काहीही अर्थ निघावा. हळूहळू मलाच खात्री वाटेना. पंख्यात किर्र ऐकू यायचं, फ्रिजमध्ये ऐकू यायचं. फ्रिजला कान लावून उभा असताना बायकोनं पाहिलं आणि काही न विचारता ती आत निघून गेली.

शेवटी नायबसाहेबांनी नांदेडचं मोठं वर्कशॉप गाठायचं ठरवलं. साक्षीदार म्हणून मला सोबत जावंच लागलं. तिथले मुनीरभाई हे जुने, पिकल्या केसांचे मिस्त्री. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, हेच विशेष. मग स्वतः गाडी चालवत आम्हा दोघांना विष्णुपुरीकडे घेऊन गेले. धरणात खडक उघडे पडले होते. रस्त्यावर माणूस नव्हता. मुनीरभाईंनी गाडी बाजूला घेऊन बंद केली. एकदम शांत झालं.

नायबसाहेबांनी बोट वर केलं. “आता. आता ऐका.”

मुनीरभाईंनी चावी काढून हातावर ठेवली. “साब, इंजन बंद है.”

नायबसाहेब चावीकडे बघत राहिले. मग दार उघडून उतरले आणि चालत दूरच्या बाभळीपाशी जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचा स्वर खाली आला होता. “तिथं बी हाय,” ते म्हणाले.

घरी पण येतो का, असं मुनीरभाईंनी विचारलं. नायबसाहेबांना सांगता येईना. बाई पुण्याला गेल्यापासून त्यांच्या घरी टीव्ही सकाळी लागायचा तो झोपेपर्यंत चालूच असायचा.

तिथून आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितलं की हा कानाच्या नसेचा आवाज, वयानं होतो, बहुतेक राहीलच, सवय करून घ्या. नायबसाहेब पुन्हा वर्कशॉपला गेले, मुनीरभाईंपुढे हात जोडले आणि म्हणाले, वाहन निर्दोष आहे, माझी तक्रार निकाली काढा.

परतताना लोहा गाव मागे पडल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली.

“सर, गाडीत आवाज नव्हताच. मग तुम्हाला कसा ऐकू आला?”

मी सांगितलं, नव्हता आला. खोटं बोललो होतो.

रागावतील असं वाटलं. त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

“घरी बसलो की वाटायचं,” ते म्हणाले, “आणखी एका माणसाला तरी ऐकू येऊन राहिला. आपण एकटेच न्हाई.”

मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हातानंच राहू द्या म्हटलं आणि गाडी चालू केली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “तुम्ही काही तरी बोलत राहा, सर. कुणी बोलत असलं की त्याचा जोर कमी होतो.”

मी वर्गात सांगतो तशा नद्या सांगायला लागलो. अहमदपूर येईपर्यंत गोदावरीच्या सगळ्या उपनद्या सांगून झाल्या आणि मी थांबलो.

“आपली मांजरा राहिली,” नायबसाहेब म्हणाले.

खरंच राहिली होती. मी मांजरेपासून पुन्हा सुरुवात केली.