तीन मिनिटं भरभर

डॉक्टरांनी माझ्या पोटाला टेप गुंडाळून "एक्क्याण्णव सेंटिमीटर!" असं शोकसभेच्या सुरात जाहीर केलं, त्याच दिवशी मी ठरवलं: शरद ऋतूतल्या तपासणीला पंच्याऐंशी करून दाखवीन! ऑफिसातले कुवाबाराही पोट कमी करायला रोज तासभर एकाच संथ चालीने फिरू लागले. फिरोत बिचारे! मी शास्त्राचा माणूस. तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं सावकाश. मनगटावरचं यंत्र दर तीन मिनिटांनी टीं टीं करून चाल बदलायला सांगायचं.

दीड महिना रोज पहाटे कालव्याकाठी माझ्यापुढे एक बाई असायच्या, दिसायची फक्त पाठ. मी वेग घेतला की त्याही घेत, मी मंदावलो की त्याही धापा टाकत मंदावत. मला वाटे, वा! यांचंही शास्त्रच चाललंय!

रविवारी बूट घातले, यंत्राचं बटण दाबलं, तोच बायकोने, शिझुएने, मोहल्ल्याची फिरती पाटी पुढे केली. सूचना वाचायची, आपल्या नावाचा शिक्का मारायचा, पुढच्या घरी पोचवायची.

"निघालाच आहात तर मिनागावाबाईंकडे द्या. अन् शिक्का नीट मारा. यंदा गस्तप्रमुख तुम्ही आहात ना!"

मी वाचलं. 'सावधान! कालव्याकाठी संशयित इसम. वय साठच्या पुढे. राखाडी ट्रॅकसूट, टोपी, मास्क. महिलेच्या मागे धावतो, मधेच थबकतो. अंगावर काहीतरी टीं टीं वाजते.'

साठच्या पुढे?

"अहो, घाम का आलाय? अजून चाललाही नाहीत!"

टोपी, मास्क फेकले. ट्रॅकसूटवर शिझुएचा फुलाफुलांचा रेनकोट चढवला. यंत्र बंद करावं, तर बंद होतानाही ते टीं टीं करतं, अन् शिझुए समोरच! हिशेब केला: दोन मिनिटं उरलीत. पाटी द्यायची, पळायचं.

मिनागावाबाईंनी दार उघडलं. अंगात तोच पहाटेचा पोशाख. कालव्यावरच्याच त्या बाई!

"अगंबाई, प्रमुखसाहेब स्वतः! वाचलंत ना? माझ्याच मागे असतो हो तो मेला!"

"धरू त्याला. येतो मी."

"थांबा, मुळ्याचं लोणचं देते."

"नको!"

"असं कसं नको?"

त्या आत गेल्या. डबा सापडेना. डबा सापडला, झाकण सापडेना. मी मनगट काखेत दाबून उभा. झाकण सापडलं. डबा घ्यायला दोन्ही हात पुढे करावे लागले. एका हाताने वस्तू घेण्याइतका असभ्य मी नाही!

टीं टीं!

मिनागावाबाईंनी मनगट पाहिलं. रेनकोटाखालचं राखाडी पाहिलं. मग मला पाहिलं.

"तुम्ही?"

मी कंबरेत इतका वाकलो की लोणच्याचं पाणी बुटात गेलं. "बाई, मी फक्त व्यायाम..."

"परवा माझी तपासणी झाली," त्या थंडपणे म्हणाल्या. "रक्तदाब उतरला, कंबर चार सेंटिमीटरने कमी. डॉक्टर म्हणाले, जे काही करताय ते सोडू नका." दार लावता लावता पुढे म्हणाल्या, "उद्या साडेपाचला या. अन् जरा जोरात! हल्ली तुम्ही फार मागे पडता."

पाटी मात्र पुढच्या सतरा घरांत फिरली. माझ्या शिक्क्यासकट. आणि शरदातल्या तपासणीला माझी कंबर? ब्याण्णव. लोणचं चांगलं असतं हो त्यांचं, भातही जास्त जातो.