जहाजाचे विरजण

बाळाचार्यांनी जन्मभर परक्याच्या हातचे पाणी घेतले नाही. त्यांचे चिरंजीव गोपाळाचार्य कोर्टात वकिलीला जाताना स्वतःचा तांब्या बरोबर नेत. त्यांचे श्रीकांतराव पाणीखात्यात तीस वर्षे तुरटीचा हिशेब राखून निवृत्त झाले. अशा सोवळ्या घराण्याच्या चौथ्या पिढीत जहाजांवरचे मैलापाणी शुद्ध करण्याची यंत्रे बनवणारा श्रीवत्स निपजला!

हुबळीहून समुद्र चार तासांच्या वाटेवर. तरी गोकुळ रोडवरच्या कारखान्यात त्याने पहिले यंत्र उभे केले. तिथे कामाला माणसे चारच. तेवढ्यावर यंत्राचे पोट भरेना. म्हणून चाचणीसाठी ते उणकलच्या राहत्या घरामागे आणून अकरा माणसांच्या संडासांना जोडले. शुक्रवारी मुंबईहून जहाज कंपनीचे तपासनीस यायचे होते. पाणी पसंत पडले तर सहा यंत्रांची मागणी. नाही तर कारखान्याला कुलूप.

पाहुणे येणार, एवढे कानी पडणे श्रीवत्सच्या मातोश्रींना, शकुंतलाबाईंना, पुरेसे होते. बुधवारी सकाळी त्यांनी पदर खोचला, तिन्ही संडासांत बाटल्या-बाटल्या फिनेल ओतले आणि वर ब्लीचिंग पावडरीचा सडा घातला.

संध्याकाळी यंत्रातून अशी दुर्गंधी सुटली की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून गेली.

"आई, काय केलंस गं हे! त्या टाकीत जंतू असतात. ते घाण खातात, मग बारीक पडद्यातून नितळ पाणी गाळून येतं. सगळे मारलेस की तू!"

"जंतू मारू नको तर काय पाळू?"

"पाळायचेच असतात! तीन महिने पाळले होते मी."

"मग नवे आण की. सुभाष रोडला काय मिळत नाही?"

"विकत मिळत नाहीत गं. दह्यासारखं असतं हे. कुणाकडचं तरी चालू विरजण लागतं. शेजारच्या अपार्टमेंटची टाकी चालू आहे, पण..."

पण त्या अपार्टमेंटची सेक्रेटरी होती हेमावती! एकोणीस वर्षांपूर्वी हिने वाटीभर विरजण नेले ते परत केले नाही, हे शकुंतलाबाईंनी दर हळदीकुंकवाला जाहीर केले होते. तेव्हापासून दोघींचा अबोला.

शकुंतलाबाईंनी एकवार लेकाच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिले आणि जरीची साडी नेसून त्या निघाल्या.

"हेमावती, मी मागायला आलेली नाही. माझं विरजण परत न्यायला आले आहे."

"अय्य, अक्का! एवढ्या वर्षांनी? थांबा, दही लावलंय आजच."

"दही नको. तुमच्या मागच्या टाकीतलं दे."

हेमावतीचा चष्मा नाकावर घसरला. सगळी हकीकत ऐकून ती हसत सुटली, ती भिंतीला टेकेपर्यंत.

"वाटीभर नेलं होतं नव्हं? चार पिंपं देते. आता तरी माझं नाव सोडा की अक्का!"

टाकी धुऊन पिंपे रात्रीच यंत्रात रिकामी झाली. शुक्रवारी तपासनिसांनी पेला उजेडात धरला. पाणी नितळ, वास नाही. सहा यंत्रांची मागणी पक्की झाली.

पुढच्या हळदीकुंकवाला शकुंतलाबाईंनी हेमावतीला स्वतः हात धरून पाटावर बसवले आणि भरल्या बैठकीत खणखणीत आवाजात सांगितले, "हिनं माझं विरजण फेडलं. वाटीच्या जागी चार पिंपं. आता काही बाकी नाही."

"चार पिंपं!" जमलेल्या बायकांतल्या अंबूताईंनी डोळे विस्फारले. "आणि लागलं का हो नीट?"

"उत्तम लागलं," शकुंतलाबाई शांतपणे म्हणाल्या.

हेमावतीला मात्र मसाला दुधाचा जबर ठसका लागला.