वाटाड्या यंत्राचा बंदोबस्त

मंडळाच्या वाटाड्या यंत्राची चोरी झालेली नव्हती. ती होऊ शकते, एवढंच अध्यक्ष गजेंद्रभाऊंच्या ध्यानात आलं, आणि त्या दिवसापासून मंडळाची झोप उडाली.

मंडळ म्हणजे बिरसीच्या अलीकडच्या एका गावातलं कीर्तन मंडळ. रुक्माबाई कीर्तन करायच्या, जागेश्वर मृदंगावर, आणि खुशाल गाडीवर. गाडी थांबली की खुशालच टाळ घेऊन मागे उभा राहायचा आणि आख्यान रंगलं की सगळ्यांच्या आधी डोळे पुसायचा. रुक्माबाई म्हणायच्या, "खुशाल रडला की मी समजतो, कीर्तन लागलं."

मागच्या वर्षी मात्र कीर्तन लागलंच नाही, कारण गावच लागलं नाही. देवरीच्या पुढे जंगलात बेहडाटोला आहे. तिथं खुशालची मावशी सुशिलाबाई राहते. वय ऐंशीच्या वर, दिवाळीपासून खाटेवर. "मरायच्या आंधी माह्या आंगनात एक कीर्तन होऊ दे रे बाबू," एवढंच तिचं मागणं. खुशाल लहानपणी फक्त मामाच्या बैलगाडीत झोपून तिथं गेलेला. त्याने गाडी काढली, तीन फाटे चुकला आणि चौथ्या फाट्यावरून जी वाट धरली ती थेट सडक अर्जुनीच्या ढाब्यावर निघाली. तिकडे अंगणात सतरंज्या तशाच अंथरलेल्या राहिल्या. मावशीचा निरोप आला, "पुढच्या साली या. मी थांबतो."

ही गोष्ट ऐकून गावच्या लोकेंद्र रहांगडालेने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ मंडळाला ते यंत्र दिलं. गाडीच्या काचेला रबरी वाटीने चिकटवायचं, गावाचं नाव टाकायचं की पडद्यावर नकाशा उमटायचा आणि आतून एक बाई हिंदीत वाट सांगायची. देवरीच्या पुढे मोबाइलला रेंज नसली तरी हे चालायचं. खुशालने दोन दिवस तालुक्यात चालवून पाहिलं. एकदाही चुकला नाही. त्याने यंत्राला उदबत्ती ओवाळली.

गजेंद्रभाऊ सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कचेरी त्यांनी सोडली होती, कचेरीने त्यांना सोडलं नव्हतं. त्यांनी तातडीची सभा बोलावली. विषय क्रमांक एक, यंत्राचे चोरीपासून संरक्षण.

"चोरी झाली का जी?" जागेश्वरने विचारलं.

"झाल्यावर सभा घेऊन फायदा काय?" गजेंद्रभाऊ म्हणाले. "बावीस वर्षांत मंडळाच्या कार्यक्रमातून माझ्या तीन चपला गेल्या. चपलेची ही गत, तर यंत्राची काय?"

या युक्तिवादावर पहिला ठराव झाला. देवळातला पंखा, घंटा, भोंगा, परात या सगळ्यांवर दात्याचं नाव रंगवलेलं असल्यामुळे त्या वस्तू आजवर चोरीस गेलेल्या नाहीत. सबब यंत्रावरही नाव रंगवावं. पेंटरने यंत्र उलटसुलट करून पाहिलं. पाठीमागे रबरी वाटी, कडा बोटभर. नाव मावेल अशी सपाट जागा एकच होती. पडदा. त्याने लाल ऑइलपेंटने झोकात लिहिलं, ‘कै. हुकुमचंद रहांगडाले यांचे स्मरणार्थ सप्रेम भेट’. ‘भेट’नंतर थोडी जागा उरली म्हणून एक कमळ काढलं.

"आता नकाशा दिसत नाही जी," खुशाल म्हणाला.

"बाई बोलते ना?"

"बोलते."

"मग! कीर्तन तरी तू डोळ्याने ऐकतोस काय?"

दुसरा ठराव पुढच्या रविवारी झाला. काचेवर यंत्र दिसलं की चोराचं मन चाळवतं. सबब ते बाहेरून दिसू नये. खुशालच्या बायकोने, ओमेश्वरीने, लाल सुती फडक्याचा बटवा शिवला. यंत्र त्यात घालून सीटखाली ठेवायचं ठरलं. यंत्र काढल्यावर काचेवर रबरी वाटीचा गोल डाग उरतो आणि चोर तो डाग बरोबर ओळखतो, म्हणून दर थांब्यावर तो ओल्या कपड्याने पुसायचं कामही खुशालला नेमून दिलं. यंत्र आता काचेला लागणारच नव्हतं, तरी पुसायचं काम कायम राहिलं. एकदा नेमलेलं काम रद्द करायला वेगळी सभा लागते.

तिसऱ्या सभेत गजेंद्रभाऊंनी अधिक खोल विचार मांडला. "चोराला कान असतात. बाई बोलली की तो ऐकेल. बाईचा आवाज बंद ठेवावा."

"पडदा रंगवला, वरून फडकं बांधलं, आता बाईही मुकी," रुक्माबाई म्हणाल्या. "तं मंग ते वाट कायले दाखवते, भाऊ?"

"रुक्माबाई, वाट दाखवणं हा यंत्राचा गुण आहे. तो त्याच्यात राहणारच. आपण गुणाचं नाही, यंत्राचं रक्षण करून राहिलो."

तरी रुक्माबाईंच्या वयाचा मान ठेवून एक सवलत मंजूर झाली. बटव्याला बाहेरून एक भोक पाडावं आणि त्यातून यंत्राचं एकच बटण वर ठेवावं. त्या बटणावर घराचं चित्र होतं. आपत्काळी ते दाबलं की बाई बोलू लागेल आणि घरी नेऊन सोडेल. त्या ‘घर’मध्ये कोणता पत्ता टाकायचा, यावर तिघा विश्वस्तांची वेगळी गोपनीय बैठक झाली. खुशालला बाहेर बसवलं होतं. गाडी त्याच्या ताब्यात असते, म्हणून यंत्र चोरण्याची सगळ्यात जास्त संधीही त्यालाच आहे, असं टिपणीत नमूद होतं. "तुझ्यावर अविश्वास नाही, बरं का," गजेंद्रभाऊ म्हणाले. "नियमाला माणूस दिसत नाही."

खुशालला त्याचं काही वाटलं नाही. त्याला फक्त मावशीचं अंगण दिसत होतं.

ठरल्या दिवशी गाडी जेवणं उरकून एकला निघाली. कीर्तन दुपारी चारला होतं. आमगाव मागे पडलं, देवरी मागे पडली. पहिला फाटा खुशालला मागच्या वर्षीच्या चुकीमुळे पाठ होता. दुसरा जागेश्वरने सांगितला. तिसऱ्याला सागाची झाडं चारी बाजूंनी सारखीच उभी होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खुशालने गाडी थांबवली, उतरला, नियमाप्रमाणे कोरी काच पुसली आणि परत येऊन बसला.

"दाब ना बटन," जागेश्वर म्हणाला.

"ते घराचं आहे जी. वापस घरी नेईल."

"निदान देवरीले तं जाऊ. इथं अस्वलाले कीर्तन सांगाचं का?"

खुशालने सीटखालून बटवा काढला, कपाळाला लावला आणि बटण दाबलं. आतून बाईचा दबका आवाज आला. घर नऊ किलोमीटरवर होतं.

नऊ! खुशाल बटव्याकडे बघतच राहिला. आपलं घर इथून सत्तर किलोमीटरच्या खाली नाही. मग नऊ किलोमीटरवर कोणाचं घर? आणि त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. गोपनीय बैठक! अध्यक्षांनी ‘घर’ म्हणून मावशीचंच घर टाकलं होतं. म्हणून तर त्याला बाहेर बसवलं. देवमाणूस! आणि आपण मनातल्या मनात त्यांना काय काय बोललो!

"रुक्माबाई," तो गहिवरून म्हणाला, "भाऊ वरून फणस आहेत जी, आतून गरे."

बाई सांगेल तसा तो वळत गेला. बरोबर साडेतीनला बाईने मुक्काम आल्याचं जाहीर केलं. समोर पोलीस ठाणं होतं.

ठाण्याच्या ओसरीवर हवालदार घनश्याम बसले होते. खुशालने हातातला बटवा सावरत विचारलं, "इथं सुशिलाबाई कुठं राहते जी?"

हवालदारांची नजर बटव्यावर गेली. "थैली में क्या है? खोल."

बटवा सुटला. हवालदारांनी लाल अक्षरं वाचली. "हुकुमचंद कोन? तू?"

"नाही जी. ते वारले."

"मेलेल्या मानसाची चीज तुझ्याजवर कशी?"

"वाट दाखवते जी ते."

हवालदारांनी पडद्यावरचं कमळ पाहिलं, खुशालकडे पाहिलं, आणि आत जाऊन एक पत्र घेऊन आले. पत्र गजेंद्रभाऊंच्या सहीचं होतं. चोर नेहमी यंत्रातलं ‘घर’ दाबतो आणि मालकाचं घर फोडतो, असा अनुभव असल्याने मंडळाने ‘घर’मध्ये आपल्या ठाण्याचा पत्ता टाकला आहे. ठाणं जिल्ह्याच्या टोकाचं निवडलं आहे, जेणेकरून चोराला डिझेलचा भुर्दंड पडावा. तरी सदर यंत्र घेऊन जो इसम आपणाकडे येईल तो चोर समजावा, ही विनंती. प्रत माहितीसाठी.

"आला," घनश्याम हवालदार म्हणाले. त्यांच्या नोकरीत इतका आज्ञाधारक चोर पहिल्यांदाच आला होता.

रुक्माबाई पुढे झाल्या. "साहेब, ह्या पोराले सोडा. त्याची मावशी खाटेवर आहे. चार वाजता कीर्तन आहे."

"बाई, मी पन भजनात बसतो. पन कागद आला न मेरे पास. अध्यक्ष येऊन सांगतील, हा चोर नाही, तं सोडतो. तवरिक तुमी तिघं न गाडी इथंच."

ठाण्याच्या फोनवरून गजेंद्रभाऊंना कळवलं. पलीकडून आनंदाची आरोळी आली. "सापडला? म्हणजे योजना यशस्वी झाली!" चोराचं नाव ऐकल्यावर ते म्हणाले, "हरकत नाही. योजना व्यक्तीवर अवलंबून नसते. विश्वस्तांचा ठराव घेऊन उद्या येतो."

एकट्या अध्यक्षाला खुशाल निर्दोष असल्याचं सांगण्याचा अधिकार नव्हता.

चार वाजले. पाच वाजले. खुशाल ओसरीच्या पायरीवर टाळ मांडीवर घेऊन बसला होता. तिकडे अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. सुशिलाबाईने खाट दारात काढून घ्यायला लावली होती आणि गाडीचा आवाज येतो का म्हणून लेकाला तीनदा रस्त्यावर पाठवलं होतं. दिवस मावळला तशी तिने खाट आत घ्यायला सांगितली. "या वर्षी मी थांबलो," ती म्हणाली, "पुढच्या वर्षाचं काही सांगत नाही."

ठराव दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. सुशिलाबाई सकाळीच गेली होती.

बेहडाटोला ठाण्यापासून दोन किलोमीटरवर निघाला. मोहाच्या झाडाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्याने काठीच्या टोकाने दाखवला.

तेरवीला त्याच अंगणात कीर्तन झालं. मंडळही गाडी भरून आलं. आदल्याच आठवड्यात ठाण्यातून यंत्र परत मिळालं होतं आणि चौथ्या ठरावाने ते देवळात, देवाशेजारी काचेच्या पेटीत, तीन कुलपांत ठेवलं होतं. येता-जाता बाया त्याला हळदीकुंकू वाहू लागल्या होत्या. वार्षिक अहवालात एकच ओळ होती, ‘यंत्र शंभर टक्के सुरक्षित’.

रुक्माबाईंनी आख्यान लावलं नाही. वीणा गळ्यात तशीच ठेवून त्या म्हणाल्या, "मायबाप हो, वाट दाखवनाऱ्याले आपन फार जपतो. त्याच्यावर आपलं नाव लिहितो. लाल फडक्यात बांधतो. बोलू देत नाही. देवाजवर ठेवून कुंकू लावतो. आनि रस्ता चुकलो की म्हनतो, काऊन बापा, आपल्याजवर तं सगळं होतं!"

सगळ्यांत आधी डोळे पुसले ते गजेंद्रभाऊंनी. "काय बोलल्या!" ते शेजाऱ्याला म्हणाले. "हे छापून, चौकट करून देवळात लावू. वर काच बसवू. नाहीतर चोरीला जाईल."

खुशाल त्या दिवशी रडला नाही.

घरी आल्यावर त्याने देव्हाऱ्यातली पोथी खाली काढली. लग्नात मावशीने दिलेली. "रोज एक पान वाच रे बाबू," असं म्हणाली होती. लाल फडकं अठरा वर्षांत दर दिवाळीला बदललेलं, गाठ मात्र दर वेळी तशीच करकचून. नखांनी सुटेना तेव्हा त्याने दात लावले. आत पहिल्या पानावर मावशीने ठेवलेलं मोरपीस होतं. तिने ठेवलं त्याच पानावर.

ओमेश्वरीने विचारलं, "काही गेलं का?"

"नाही," खुशाल म्हणाला. "सगळं जागच्या जागी आहे."

तुमच्याही देव्हाऱ्यात लाल फडक्यातलं एक आहेच. उठून बघा. गाठ शाबूत असेल. चोरी झालेली नाही, अभिनंदन.